खरेदीच्या दुसऱ्या दिवशी



२ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेत एक निवेदन केलं. आदल्या वर्षी चीनकडून झालेल्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली होती. तिचा गोषवारा त्यात होता. मूळ अहवाल सरकारने कधीच अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही, त्यामुळे अनेक वर्षं हे निवेदन हाच त्या अहवालाचा लोकांना दिसलेला चेहरा होता. त्यात साधनसामग्रीविषयी एक परिच्छेद आहे. तुटवडा होता, हे यशवंतराव सरळ मान्य करतात. पण पुढे ते सांगतात की प्रत्येक वेळी ती वस्तू सैन्याकडे कुठेच नव्हती असं नाही. सपाटीवरच्या शेवटच्या ठिकाणापर्यंत ती पोचायची. तिथून पुढे विमानाने, खेचरावरून किंवा माणसाच्या पाठीवरून ती जवानापर्यंत नेणं जमत नव्हतं. गाड्या जुन्या होत्या आणि डोंगरातले चढ त्यांना झेपत नव्हते.

यशवंतरावांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात हिमालय आणि सह्याद्री हे दोन शब्द आले नाहीत तर भाषण अपुरं वाटतं. ते मी आत्ताच उच्चारून मोकळा होतो. मला आज बोलायचं आहे ते या एका परिच्छेदाविषयी.

नामका चू ही तवांगच्या पश्चिमेला, भूतानच्या सीमेजवळची छोटी नदी. २० ऑक्टोबर १९६२च्या पहाटे तिथे सातव्या ब्रिगेडवर हल्ला झाला. जवानांच्या अंगावर सुती गणवेश होते, अनेकांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते, हातात थ्री-नॉट-थ्री रायफल आणि जवळ मोजकी काडतुसं. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी चिन्यांचे कैदी झाले. १९६९ साली ‘हिमालयन ब्लंडर’ या पुस्तकात त्यांनी हा सगळा हिशेब लिहून काढला. विमानांतून त्सांगधरवर टाकलेल्या सामानाचा मोठा भाग उतारावरून घरंगळत दरीत जात होता. कागदोपत्री मात्र तो माल पाठवला गेला होता.

याच्या जेमतेम वर्षभर आधी, नोव्हेंबर १९६१मध्ये, विक्रांत ही विमानवाहू नौका मुंबईत दाखल झाली होती. हवाई दलाकडे हंटर होती, कॅनबेरा होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या त्या लढाईत हल्ल्यासाठी त्यांचा वापर झालाच नाही.

हे दोन तपशील शेजारी ठेवले की व्यासपीठावर टाळी मिळते. नौकेला पैसे आहेत, बुटाला नाहीत! वक्त्याला दुसरं काय हवं? पण ही टाळी मी घेणार नाही, कारण ती खोट्या हिशेबावर मिळते. विक्रांत घेतली नसती तर ते पैसे नामका चूच्या बुटांत गेले असते, असं मानायला कसलाही आधार नाही. शिवाय त्याच विक्रांतने १९७१ साली बंगालच्या उपसागरात पूर्व पाकिस्तानची समुद्री वाट अडवून धरली. कारगिलमध्ये बोफोर्स तोफा नसत्या तर तोलोलिंगचा चढ चढणाऱ्या पायदळाची आणखी किती माणसं गेली असती? टायगर हिलवर मिराज विमानांनी लेझरने नेम धरून टाकलेले बॉम्ब आठवा. मे २०२५मध्ये पाकिस्तानशी झालेल्या चार दिवसांच्या संघर्षात तर क्षेपणास्त्रं, ड्रोन आणि हवाई संरक्षण यांवरच सगळी भिस्त होती. चांगलं शस्त्र हीदेखील जवानाची मूलभूत गरजच आहे. जवानाच्या पोटाचा कळवळा येऊन ‘ही विमानं कशाला?’ असं विचारणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मग विमान घ्यायचं आणि बूट राहू द्यायचे? तसंही नाही. या दोघांत भांडण आहे असं आपण धरून चालतो, तिथेच हिशेब चुकतो.

बुलेटप्रूफ जॅकेटचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २००९मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने सैन्यासाठी १,८६,१३८ जॅकेटं घ्यायला मान्यता दिली. त्यानंतर निविदा निघाल्या, नमुने आले, चाचण्या झाल्या, बहुतेक नमुने नापास झाले आणि फाईल पुन्हा पहिल्या पायरीवर गेली. २०१६ साली तातडीची गरज म्हणून ५० हजार जॅकेटं वेगळी घेतली. मूळ १,८६,१३८ जॅकेटांचा करार झाला तो एप्रिल २०१८मध्ये. साडेआठ वर्षं लागली. किंमत किती? ६३९ कोटी रुपये. याच काळात, सप्टेंबर २०१६मध्ये, ३६ राफेल विमानांचा करार झाला. तो सुमारे ७८७ कोटी युरोंचा, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळजवळ ५९ हजार कोटी रुपयांचा होता. सगळ्या जॅकेटांचा खर्च राफेल कराराच्या एक टक्क्याच्या आसपास भरतो. एका विमानाच्या वाट्याला येणाऱ्या सरासरी रकमेच्या निम्माही नाही.

राफेलने जॅकेटाचे पैसे खाल्ले, हे या आकड्यांतून कुणाला सिद्ध करता येणार नाही. ६३९ कोटी हा देशाच्या संरक्षण खर्चात कुणाची झोप उडवणारा आकडा नाही. पैसे होते, मान्यता होती, गरज सगळ्यांना ठाऊक होती. तरी काश्मीरमध्ये शोधमोहिमेवर निघणाऱ्या तुकडीला साडेआठ वर्षं थांबावं लागलं. विमानाच्या करारामागे पंतप्रधान होते, परराष्ट्र धोरण होतं, विकणाऱ्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. जॅकेटाच्या फाईलमागे एक अवर सचिव असतो आणि त्याची दोन-तीन वर्षांनी बदली होते.

आता थोडे रुक्ष आकडे. अर्थशास्त्र न शिकलेल्यांनीही ऐकावेत, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये मिळाले. ते शंभर रुपये मानले तर सव्वीस-सत्तावीस रुपये भांडवली खर्चाचे, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा, रणगाडे. एकोणतीसच्या आसपास पगार आणि भत्ते. चोवीसच्या आसपास निवृत्तिवेतन. चार रुपये मंत्रालयाच्या नागरी संघटनांना, त्यांत सीमेवरचे रस्ते बांधणारेही आले. उरले सतरा. या सतरा रुपयांत सैन्याने रोजचं जगायचं: शिधा, कपडे, बूट, दारूगोळा, इंधन, वाहतूक, दुरुस्ती, सराव आणि सुटे भाग.

सुटे भाग कुणाचे? तर त्याच विमानांचे आणि जहाजांचे. विमान भांडवली रकान्यातून येतं, पण दुसऱ्या दिवसापासून ते उडतं महसुली रकान्यावर. सुखोई-३० ही विमानं हवाई दलात पहिल्यांदा दाखल झाली ती १९९७ साली आपल्या पुण्याच्या लोहगावला. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी २०१५ साली या ताफ्याचा आढावा घेतला. एका वेळी ७५ टक्के विमानं उड्डाणाला तयार असायला हवी होती, प्रत्यक्षात ५५ ते ६० टक्केच होती. सुट्या भागांचा तुटवडा आणि त्यांच्या साठ्याचं ढिसाळ व्यवस्थापन ही कारणं अहवालात होती. नौदलाच्या मिग-२९के विमानांची स्थिती त्याहून वाईट निघाली. २०१६च्या अहवालात त्यांच्या तयारीचं प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान होतं. तिथे इंजिनांतले दोषही होते, सगळं खापर सुट्या भागांवर फोडता येत नाही. पण विमानवाहू नौकेवर चार विमानं उभी आणि त्यांतलं एखादंच उडणारं, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. प्रगत शस्त्र विकत घेतलं, फोटो निघाले, आणि शस्त्राची अवस्था नामका चूच्या जवानासारखी झाली. त्यालाही पुढची रसद पोचली नाही.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना सुखोईच्या या प्रश्नात त्यांनी स्वतः लक्ष घातलं आणि उपलब्धता वाढल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्या काळात ते पक्षाच्या मंचावर काय बोलले हे लोकांना आठवतं, सुट्या भागांची बैठक कुणाला आठवत नाही. त्याला त्यांचा इलाज नव्हता.

तर रेघ कुठे ओढायची? विमान आणि बूट यांच्यामध्ये नाही. ती ओढायची खरेदीचा दिवस आणि त्याचा दुसरा दिवस यांच्यामध्ये. खरेदीच्या दिवसावर आपलं सरकार, आपली वर्तमानपत्रं, आपण सगळे तुटून पडतो. दुसऱ्या दिवसापासून जे सुरू होतं ते कुणालाच नको असतं, मग वस्तू सोळाशे कोटींची असो की पायात घालायची.

आता सियाचिनकडे येतो. जरा सावकाश येतो, कारण पुस्तकी वाटणारा हा मुद्दा तिथे माणसाच्या पोटात शिरतो.

१३ एप्रिल १९८४ला मेघदूत मोहीम सुरू झाली, तेव्हापासून आपलं सैन्य त्या हिमनदीवर आहे. तिथे गोळीपेक्षा थंडीने, हिमस्खलनाने आणि विरळ हवेने जास्त माणसं मारली. आपल्या सातारा-सांगलीकडच्या कित्येक घरांना हे मी सांगायची गरज नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या सैनिकांच्या गावात तर हिमनदी हा शब्द शाळेच्या भूगोलातून आलेला नाही.

अतिउंचीवरच्या सैन्याचे कपडे, सामग्री, शिधा आणि निवारा यांवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल फेब्रुवारी २०२०मध्ये संसदेत मांडला गेला. त्यातली स्थिती मुख्यतः २०१५ ते २०१८ या काळातली. बर्फाच्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूट आलेच नाहीत, म्हणून वापरलेले बूट दुरुस्त करून पुन्हा वाटावे लागले. दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट घालून उणे तापमानात चालायचं म्हणजे काय, हे डोंगर चढणाऱ्यांना विचारा. तोंडावरचे मुखवटे, जॅकेटं, झोपण्याच्या पिशव्या जुन्या प्रकारच्या घेतल्या गेल्या. या काळात चांगला नवा माल बाजारात होता.

पण मला सगळ्यात जास्त खटकला तो शिध्याचा भाग. त्या उंचीवर भूक मरते आणि शरीराला मात्र उष्मांक जास्त लागतात. म्हणून तिथल्या जवानाला खास शिधा ठरवून दिलेला आहे. ठरलेला पदार्थ उपलब्ध नसेल तर बदली पदार्थ द्यायचा. इथपर्यंत ठीक. पण किती द्यायचा? नियम असा लावला गेला की किमतीला किंमत. मूळ पदार्थ जितक्या रुपयांचा, तितक्याच रुपयांचा बदली पदार्थ. बदली पदार्थ महाग असेल तर त्याचं वजन आपोआप घटतं. हिशेबनीसाच्या वहीत दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळतात, एक रुपया इकडचा तिकडे नाही. आणि जवानाच्या ताटातले उष्मांक काही बाबतींत तब्बल ८२ टक्क्यांनी घटले, असं अहवाल सांगतो. यात कुणी पैसे खाल्ले असं नाही. कुणाची नियत वाईट होती असंही दिसत नाही. रुपयांचं मोजमाप होतं, उष्मांकांचं नव्हतं, म्हणून रुपये बरोबर आले. लेहच्या एका ठिकाणी तर खास शिध्याचे पदार्थ जवानांना मिळालेच नव्हते, तरी वाटले गेले अशी नोंद होती.

हा अहवाल गाजल्यावर लष्कराकडून सांगण्यात आलं की ही जुनी परिस्थिती आहे, आता सुधारणा झाली आहे. झाली असेल, मी त्यावर शंका घेत नाही. मात्र २०२०च्या उन्हाळ्यात गलवानमध्ये चिनी सैन्याशी चकमक झाली, हजारो जवानांना लडाखमध्ये हिवाळा काढावा लागणार हे स्पष्ट झालं, आणि थंडीचे काही कपडे अमेरिकेशी झालेल्या रसदविषयक कराराखाली घाईने आणावे लागले.

तहान लागल्यावर विहीर खणायची आपली ही रीत जुनी आहे. १९६२नंतर खणली. कारगिलच्या वेळी सेनाप्रमुख जनरल मलिक यांना ‘जे हाताशी आहे त्यावर लढू’ या अर्थाचं बोलावं लागलं. त्या लढाईसाठी तातडीने जी खरेदी झाली, तिच्यातला बहुतांश माल लढाई संपल्यावर आला, असं पुढे लेखापरीक्षणात निघालं. उरीच्या हल्ल्यानंतर पुन्हा तेच झालं. दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार सप्टेंबर २०१६मध्ये दहा दिवसही पुरणारे नव्हते, आणि साठा चाळीस दिवसांचा हवा असा आपलाच नियम. त्याच वर्षी ३०-३१ मेच्या रात्री वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात स्फोट झाले आणि आग विझवायला धावलेली माणसं गेली. बोट दाखवलं गेलं ते स्फोटकं पाझरणाऱ्या सदोष सुरुंगांकडे. एकीकडे दारूगोळा कमी आणि दुसरीकडे असलेला असा! दारूगोळ्याच्या बाबतीत, खरं तर, पैशाचा प्रश्नही मोठा आहे. चाळीस दिवसांचा साठा म्हणजे जॅकेटांसारखं सहाशे कोटींत भागणारं काम नाही.

इथे कुणीतरी पानिपत काढणारच, तेव्हा मीच काढतो. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ हे त्या काळातलं प्रगत शस्त्र होतं. उदगीरला निजामाविरुद्ध ते चाललं. त्या फौजेला रोख पगार लागायचा आणि त्यासाठी भाऊसाहेबांनी दिल्लीच्या लाल किल्ल्यातलं चांदीचं छत उतरवून वितळवलं. १४ जानेवारी १७६१च्या सकाळी गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची फळी मोडली. तोफांनी दगा दिला नाही. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली होती, आणि उपाशी माणसं अर्धमेल्या घोड्यांवर त्या तोफांच्या मागे उभी होती. दुपारनंतर काय झालं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

याच्या उलट टोकाला शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र आहे. दाणा आणि वैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुम्ही रयतेच्या भाजीला हात लावाल. रात्री दिवे नीट विझवा, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. राज्याचा धनी उंदराचा आणि वातीचा विचार करतो! हे पत्र आपण भाषणांत रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी वाचतो, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी दिसतं ते साठ्याचं व्यवस्थापन. वैरण गोळा झाली त्या दिवशी त्यांचं काम संपलेलं नव्हतं.

आता अडचणीचा भाग, आणि या सभागृहात तो बोलताना मला संकोच वाटतो. २०२५-२६च्या त्या शंभरातले त्रेपन्न रुपये पगार आणि निवृत्तिवेतनाचे होते. ते कमी करा असं म्हणण्याची माझी छाती नाही आणि इच्छाही नाही. ज्याने पंधरा-वीस वर्षं सीमेवर काढली त्याचं ते देणं आहे. पण तो वाटा वाढला की दाब येतो तो इतर रकान्यांवर, आणि त्यांतला सगळ्यात मुका रकाना सतरा रुपयांचा असतो. अग्निपथ योजनेमागे २०२२ साली हाही एक विचार होता. तिच्या गुणदोषांत मी आज शिरत नाही, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पंधराव्या वित्त आयोगाने संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी एक निधी सुचवला होता, वर्ष संपलं तरी न बुडणारा. चांगली सूचना. पण तीही आधुनिकीकरणासाठी, म्हणजे मुख्यतः भांडवली खर्चासाठी. आपल्या अर्थचर्चेत भांडवली खर्च म्हणजे पुण्य आणि महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी, असा एक समज घट्ट बसला आहे. रस्ते आणि धरणांबाबत तो बराचसा खराही आहे. सैन्यात मात्र बूट, काडतूस, शिधा हे सगळे महसुली खर्चात येतात. खर्चकपातीचा हुकूम निघाला की तो तिथूनच सुरू होतो.

काय करता येईल? मोठ्या सुधारणांची यादी माझ्याकडे नाही, आणि समित्यांच्या अहवालांत ती पुरेशी आहे. मला दोन गोष्टी नेमक्या दिसतात. एक, मोजमाप बदला. भांडारात किती जोड आले याऐवजी हिवाळा सुरू होण्याआधी चौकीवर, योग्य मापाचे, किती पायांत गेले हे मोजा. किमतीऐवजी उष्मांक मोजा. किती विमानं घेतली याऐवजी आज सकाळी किती उडतील ते मोजा. हे आकडे शत्रूला कळू नयेत हे मला समजतं. संसदीय समितीच्या बंद खोलीत तरी ते दरवर्षी ठेवायला हवेत. दुसरी गोष्ट, खरेदीचा प्रत्येक करार पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा खर्च शेजारी लिहून मांडा, आणि तो खर्च दरवर्षी त्या सतरा रुपयांतून खरंच बाजूला ठेवला गेला की नाही, हे विचारा.

विचारणार कोण? संरक्षणाच्या मागण्या लोकसभेत दरवर्षी येतात आणि बऱ्याचदा चर्चेविना, गिलोटिन लावून मंजूर होतात. मार्च २०१८मध्ये तर सगळ्याच खात्यांच्या मागण्या आणि वित्त विधेयक गोंधळात अर्ध्या तासाच्या आसपास पार पडलं. जॅकेटांची फाईल साडेआठ वर्षं फिरत होती, त्यांतलं हे शेवटचं वर्ष. स्थायी समितीचा संरक्षणावरचा अहवाल बहुतेक वर्षी मार्चमध्ये छापून येतो आणि तो संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. आपल्या जिल्ह्याचे खासदार मतं मागायला येतात तेव्हा ते माजी सैनिकांच्या मेळाव्यात हमखास येतात. पुढच्या वेळी ते आले की त्यांच्यापुढे हा अहवाल ठेवा. त्यातल्या कपडे, शिधा आणि दारूगोळ्याच्या पानांवर सभागृहात ते काय बोलले, हे त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर विचारा.